ध्वज उसवणारे हात

वाचकहो, दोऱ्याचा इतिहास आपल्याला कोणी नव्याने शिकवावा असे नाही. महाराष्ट्रातील अस्पृश्याने स्पृश्यांना ओळखू यावे म्हणून मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावा आणि पेशव्यांच्या पुण्यात तर कमरेला झाडू बांधून आपलीच पावले पुसत चालावे, हा दंडक परमपूज्य बाबासाहेबांनी 1936 साली जातपाततोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात जगापुढे मांडला. दोरा आणि झाडू ही दोन्ही हाताने करण्याच्या कामाची साधी साधने होत. धर्माच्या नावाखाली त्यांचा उपयोग माणसाला डाग देण्यासाठी करण्यात आला. म्हणूनच आपल्या घरात कोणी मुलगा वा मुलगी "मला सुतात, कापडात, दोरात काही घडवायचे आहे, मला कलाशाळेत जायचे आहे" असे म्हणते तेव्हा वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडते. वडिलांनी मेलेली गुरे ओढण्याचे सोडले, आजोबांनी गावकीचे काम झुगारले, ते काय नातवाने पुन्हा दोरखंड हाती धरावा म्हणून, असे ते विचारतात. हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्याला उत्तर देण्यापूर्वी आम्ही आपणांस एका बाईंची हकीकत सांगणार आहोत. बाई अमेरिकेतल्या आहेत, आणि दोरा व झाडू या दोन्ही गोष्टी त्यांच्या कामात आहेत.

त्यांचे नाव सोन्या क्लार्क. जन्म 1967 साली अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे. वडील त्रिनिदादचे, मनोविकारतज्ज्ञ; आई जमैकाची, परिचारिका. घरची आजी शिवणकाम करणारी, आणि सुईत दोरा ओवण्याचे पहिले शिक्षण नातीला मिळाले ते या आजीपाशी. येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. या बाई दारिद्र्यातून वर आल्या, अशी कथा रचण्याचा मोह आम्हांस नाही. त्या शिकल्यासवरल्या घरातल्या होत्या. परंतु अमेरिकेत कातडीचा रंग हा पदवीच्या भेंडोळ्यामागे लपत नाही. जसे आपल्याकडे आडनाव लपत नाही. 1989 साली त्यांनी अॅमहर्स्ट महाविद्यालयातून मानसशास्त्राची पदवी घेतली. आता ही मुलगी वडिलांच्या वाटेने जाईल असे कोणालाही वाटले असते. ती गेली विणकामाच्या वाटेने. शिकागोच्या कलासंस्थेची पदवी 1993 साली आणि मिशिगनमधील क्रॅनब्रुक अकादमीची उच्च पदवी 1995 साली त्यांनी मिळविली.

त्यांच्या कलेला तंतुशिल्प म्हणतात. दगड वा धातूऐवजी सूत, ताग, लोकर, केस यांतून आकार घडवायचा, अशी ही कला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलंडच्या माग्दालेना आबाकानोविच यांनी ती मोठ्या कलेच्या पंगतीला नेऊन बसविली. आपल्या देशात मृणालिनी मुखर्जी यांनी तागाच्या दोराच्या गाठी मारून पुरुषभर उंचीच्या मूर्ती उभ्या केल्या. तोवर विणणे, शिवणे, गाठी मारणे हे बायकांचे आणि खालच्या मानलेल्या लोकांचे काम समजले जाई, आणि कला ही संज्ञा त्याला लावण्यास विद्वानांची जीभ अडखळत असे. कामाची प्रतवारी करणाऱ्याच्या मनात करणाऱ्याची प्रतवारी अगोदरच झालेली असते. हा अनुभव काही एकट्या हिंदुस्थानचा नाही.

क्लार्कबाईंनी आपल्या शिल्पासाठी जवळ केलेला एक तंतू म्हणजे केस. गोऱ्या समाजाने कृष्णवर्णीयांच्या केसांना राठ, गलिच्छ, असभ्य म्हणून हिणविले. ते केस सरळ केल्याशिवाय नोकरी मिळू नये, शाळेत बसू देऊ नये, इथपर्यंत मजल गेली. त्या केसांतच किती कौशल्य, किती परंपरा आणि किती गणित दडलेले आहे, हे बाईंनी दाखवून दिले. 2008 साली त्यांनी मॅडम सी. जे. वॉकर यांचे एक भव्य चित्र सिद्ध केले. वॉकरबाई 1867 साली लुइझियानात जन्मल्या. त्यांच्या कुटुंबात गुलामगिरीबाहेर जन्मलेले ते पहिले मूल. केसांच्या औषधांचा व्यवसाय उभारून त्यांनी संपत्ती मिळविली आणि असंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना स्वतःच्या पायावर उभे केले. त्यांचे हे चित्र रंगाने रंगविलेले नाही. खिशात ठेवायच्या काळ्या प्लास्टिकच्या 3,840 कंगव्यांची मांडणी करून, कोठे दाते ठेवून तर कोठे काढून टाकून, प्रकाश आणि छाया साधली आहे. जवळ गेलो तर कंगवे, दूर सरलो तर चेहरा. हे चित्र आज टेक्सासमधील ऑस्टिनच्या ब्लँटन संग्रहालयात आहे.

परंतु आमच्या मते त्यांचे सर्वांत थोर काम दुसरेच आहे. 2006 पासून बाई व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथील विद्यापीठात हस्तकला विभागाच्या प्रमुख होत्या. रिचमंड म्हणजे गुलामगिरी टिकविण्यासाठी बंड करणाऱ्या दक्षिणी राज्यांची जुनी राजधानी. तेथे त्यांनी शहरातील दहाहून अधिक कृष्णवर्णीय केशरचनाकार स्त्रियांना एकत्र केले आणि त्यांच्या पुढ्यात स्वतःचे डोके ठेवले. प्रत्येकीने प्राध्यापिकेच्या डोक्यावर आपल्या मनाजोगी बारीक वेण्यांची नक्षी गुंफली. मग त्याच स्त्रियांनी ताणलेल्या कॅनव्हासवर रेशमी दोऱ्याने तीच कला करून दाखविली. प्रत्येक रचनेचे छायाचित्र घेतले गेले, आणि त्यात बाई पाठमोऱ्या आहेत. समोर तोंड करून उभी आहे ती वेण्या घालणारी. 2014 साली ग्रँड रॅपिड्स येथील स्पर्धेत परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक या कामाला विभागून मिळाले आणि पुढे बोस्टनच्या ललितकला संग्रहालयाने ते आपल्या संग्रहात घेतले. केस विंचरणाऱ्या स्त्रियांची नावे त्यांच्या कामासह अशा रीतीने संग्रहालयात गेली. ज्या गावांत न्हावी आपल्या डोक्याला हात लावीत नसे, आणि बापाने मुलाचे केस कातरीने जमेल तसे कापावेत हीच रीत होती, त्या गावांतून आलेल्या आपल्या लोकांना या कामाचा अर्थ कोणी निराळा समजावून देण्याची गरज नाही.

आता ध्वजाकडे येऊ. 1861 ते 1865 या चार वर्षांच्या यादवी युद्धात बंडखोर दक्षिणेचा जो रणध्वज होता, तांबडी जमीन, तीवर निळी फुली आणि फुलीवर पांढऱ्या चांदण्या, तो युद्ध संपून दीड शतक लोटले तरी अमेरिकेत फडकत राहिला. घरांवर, मोटारींवर, सरकारी आवारांतसुद्धा. हा आमचा वारसा आहे, असे तो लावणारे सांगतात. वारसा या शब्दाआड काय काय झाकता येते, हे आपण ओळखून आहोत. 2010 साली बाईंनी या ध्वजाचे चित्र असलेल्या कॅनव्हासवर काळ्या दोऱ्याच्या वेण्यांचे पट्टे आणि केसांच्या गाठींच्या चांदण्या घालून अमेरिकेचा राष्ट्रध्वज शिवून काढला. मग 2015 साली त्यांनी खराखुरा रणध्वज भिंतीवर लावला आणि तो धागा धागा करून उसवावयास घेतला.

हे काम त्या एकट्याने करीत नाहीत. पाहावयास आलेल्यांपैकी एकेकाला पुढे बोलावतात. तो त्यांच्या खांद्याला खांदा लावून ध्वजाकडे तोंड करून उभा राहतो, आणि दोघे मिळून बाण्याचा एकेक धागा ताण्यातून सोडवितात. गोरा येतो, काळा येतो, म्हातारा येतो, विद्यार्थी येतो. कापड घट्ट विणलेले असल्याने तासच्या तास खपूनही ध्वज थोड्या इंचांपलीकडे उसवत नाही. दुसरा एक ध्वज त्यांनी अगदी शेवटच्या धाग्यापर्यंत उसवला. त्याचे तांबडे, पांढरे आणि निळे असे तीन ढीग तेवढे उरले. त्याच 2015 च्या जूनमध्ये चार्ल्सटन येथील कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरात एका वर्णद्वेष्ट्याने नऊ माणसांना गोळ्या घातल्या. हाच ध्वज हाती घेतलेली त्याची छायाचित्रे उजेडात आली. जुलैमध्ये दक्षिण कॅरोलिनाच्या विधानभवनाच्या आवारातून तो ध्वज उतरविण्यात आला.

आपल्यापैकी कोणी विचारील, उसवत कशाला बसायचे? काडी लावावी, क्षणात राख होईल. आपण नाही का 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला मनुस्मृती जाळली? जाळली, आणि ती जाळणे अगत्याचे होते. ज्या ग्रंथाने आपल्याला माणसांतून उठविले त्याची सत्ता आम्ही मानीत नाही, ही घोषणा उघड्या मैदानावर आणि अग्नीच्या साक्षीनेच व्हावयास हवी होती. परंतु वाचकहो, ग्रंथ जळाला म्हणून ग्रंथाने विणलेले वस्त्र आपोआप फाटले काय? 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला लाखो लोकांनी पांढरी वस्त्रे नेसून एका दिवसात धम्मदीक्षा घेतली, 22 प्रतिज्ञा उच्चारल्या. त्या एका दिवसाची किंमत आम्ही यत्किंचितही कमी करीत नाही. मात्र त्यानंतरच्या दिवसांचे काय? आपणही अलीकडेच तीच दीक्षा घेतली आहे. आपल्या घरातील देव्हारा हलला, पण त्यातील टाक ट्रंकेच्या तळाशी जाऊन बसले आहेत की नाहीत? मुलीचे लग्न बौद्ध पद्धतीने लागते, पण स्थळ पाहताना पोटजात विचारली जाते की नाही? आदल्या दिवशी कोणाकोणाकडे हळदीचा आणि देवकाचा जुना थाट होतो की नाही? सासूला वाईट वाटेल म्हणून सून उपास धरते, आणि सुनेला काय वाटेल म्हणून सासूही धरते! दोघींचाही त्यावर विश्वास उरलेला नसतो, तरी धागा सुटत नाही.

हे कापड घट्ट विणलेले आहे. ते पिढ्यान्‌पिढ्या विणले गेले आहे, आणि खेदाची गोष्ट अशी की त्याचे काही टाके आपल्याच हातांनी घातलेले आहेत. ते उसवायला घरातील माणसानेच घरातील माणसाशेजारी उभे राहावे लागते. सोन्या क्लार्क यांच्या कामात आम्हांस जे मोलाचे वाटते ते हे. त्या समोरच्याला दूषण देत नाहीत, व्याख्यान देत नाहीत. ये, माझ्या शेजारी उभा राहा, हा धागा धर, एवढेच सांगतात. ज्याच्या आजोबांनी तो ध्वज मिरवला असेल असाही माणूस येतो आणि धागा ओढू लागतो. आपले कार्यकर्ते वस्तीत जाऊन देव्हारे मोजतात आणि शिव्या देऊन परततात, तेव्हा आम्हांस या बाईंची आठवण होते.

2019 साली फिलाडेल्फिया येथे त्यांनी आणखी एक मोठे काम केले. 9 एप्रिल 1865 रोजी अॅपोमॅटॉक्स येथे दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, तेव्हा युद्ध थांबविण्याची खूण म्हणून बंडखोरांच्या स्वाराने हाती धरलेले कापड म्हणजे भांडी पुसायचे एक पांढरे फडके होते, बारीक तांबड्या रेघांचे. त्याचा अर्धा तुकडा वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. बाईंनी तो तेथे पाहिला आणि त्यांना प्रश्न पडला, की पराभूतांचा रणध्वज पोरासोरांना ठाऊक असावा आणि ज्याने गुलामगिरीच्या युद्धाचा शेवट केला तो ध्वज कोणालाच ठाऊक नसावा, हे कसे? तेव्हा त्यांनी ते फडके दहापट मोठे करून, पंधरा फूट रुंद व तीस फूट लांब असे विणवून घेतले. मूळ आकाराच्या शंभर प्रतीही विणविल्या. आणि प्रदर्शनाला येणाऱ्यांनाही मागावर बसून चार धागे विणता येतील अशी सोय केली. कोणती गोष्ट स्मरणात ठेवायची आणि कोणती विस्मृतीत लोटायची हे ठरविण्याचा अधिकार आजवर कोणाकडे होता, याचा विचार भीमा कोरेगावचा स्तंभ पाहिलेल्या माणसाने करून पाहावा.

त्याच प्रदर्शनात त्यांनी एक कृती करून दाखविली. गॉर्डन पार्क्स या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराने 1942 साली वॉशिंग्टनच्या सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन या स्त्रीचे चित्र घेतले होते. मागे राष्ट्रध्वज, आणि स्त्रीच्या एका बाजूला झाडू तर दुसऱ्या बाजूला फरशी पुसण्याचा कुंचा. क्लार्कबाई त्या स्त्रीसारखा वेश करून गुडघ्यांवर बसल्या आणि बंडखोरांच्या रणध्वजाचे चित्र छापलेल्या फडक्याने जमिनीवरची धूळ पुसू लागल्या. धूळ निघत गेली तसतशी खालून अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची अक्षरे दिसू लागली, सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत असे सांगणारी. एका कष्टकरी स्त्रीचे हत्यार आणि जुलमी ध्वज यांच्या जागा त्यांनी अशी अदलाबदल केली की पाहणाऱ्याने काय ते समजून घ्यावे. आपल्या कमरेच्या झाडूची अशी उलटी गती आपल्यापैकी कोणा कलावंताने करून दाखविली, तर त्याला आम्ही या पानांत मानाची जागा देऊ.

2017 पासून बाई ज्या महाविद्यालयात शिकल्या तेथेच, अॅमहर्स्टला, कला शिकवू लागल्या. या गावाशी आपले एक नाते आहे, ते फार थोड्यांना ठाऊक असेल. 1946 साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीयांचे थोर विद्वान डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या होत्या. अस्पृश्यांची दाद तेथे मागावी असे त्यांच्या मनात होते. डुबॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर धाडले. तो पत्रव्यवहार त्याच अॅमहर्स्ट गावातील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ग्रंथालयात जपून ठेवलेला आहे. त्याच्याही आधी, 1873 साली, महात्मा फुल्यांनी आपली 'गुलामगिरी' अमेरिकेतील गुलामांना दास्यातून सोडविणाऱ्या लोकांना अर्पण केली होती. तेव्हा परदेशी बाईचे कौतुक आपल्या पत्रात कशासाठी, असे कोणी विचारल्यास आम्ही एवढेच म्हणू की ही ओळख आमच्यापासून सुरू झालेली नाही.

आता वडीलधाऱ्यांच्या त्या आठीकडे वळू. दोऱ्याचे काम आपल्या लोकांना नवे होते असे नाही. विदर्भात आपली कित्येक घराणी जाडेभरडे कापड विणून पोट भरीत. मुंबईच्या गिरण्यांत मात्र विणाईचे खाते आपल्याला बंद होते, आणि जास्त मजुरी मिळे ती त्याच खात्यात. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरली की धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांचा धोटा आपल्या तोंडाला लागेल या भयाने स्पृश्य मजूर आपल्याला तेथे उभे राहू देत नसत. लाल बावट्याखाली एक झालेल्या मजुरांचा हा आचार होता! 1928 च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे टाकला, सर्व खाती आपल्यासाठी खुली करा अशी मागणी केली. मागणी नीट वाचा. हे काम हलके आहे म्हणून आम्ही करणार नाही, असे त्यांनी म्हटले नाही. जे काम जन्माने लादले जाते ते सोडा, आणि जे जन्माने नाकारले जाते त्याचा हक्क मागा, असा तो दुहेरी मार्ग होता. त्यातला पहिला अर्धा आपण पाठ केला. दुसरा अर्धा विसरू लागलो आहोत.

आणि तथागतांच्या शासनात विणणाऱ्याचे स्थान काय होते? नाशिकच्या लेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या विहारात, नहपान राजाचा जावई उषवदात याचा सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा शिलालेख आहे. भिक्षूंच्या चीवरादी गरजांसाठी त्याने तीन हजार कार्षापणांची कायम ठेव ठेवली. ठेवली कोणाकडे? गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसरीकडे शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत, असे तेथे कोरले आहे. हिशोब करून पाहा, तंतोतंत जुळतो. राजघराण्याने संघाची ठेव विश्वासाने ठेवावी असा तो विणकर होता. हे नाते तुटले आणि हाताने काम करणारा तितका हीन ठरला, तो पुढच्या काळात.

म्हणून आमचे सांगणे आहे की आपल्या मुलांत ज्याला हातांची बुद्धी आहे त्याला अडवू नका. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा होतात, त्यांना बसवा. मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय 1857 पासून उभे आहे. तेथील दार ठोठावण्याचा हक्क आपल्या मुलीलाही आहे. कलाशिक्षकाची नोकरी ही डॉक्टरकी-इंजिनियरीपेक्षा कमी पगाराची, हे खरे, आणि ते मुलांपासून लपवू नये. पोट भरणार नाही अशा वाटेला पोरांना भावनेच्या भरात ढकलावे, असे आम्ही म्हणत नाही. परंतु क्लार्कबाईंनी आयुष्यभर शिकवून चरितार्थ चालविला आणि शिकवतच कला केली, हे ध्यानात घ्यावे.

जाता जाता एक विनंती. ज्यांच्या घरी गिरणीत काम केलेले, किंवा गिरणीत काम केलेल्यांच्या मांडीवर वाढलेले कोणी वृद्ध असतील, त्यांनी विणाईखात्याच्या दाराशी काय घडे याच्या आठवणी विचारून लिहून घ्याव्यात आणि आमच्याकडे धाडाव्यात. अक्षर कसेही असो, आम्ही ते छापू. आणि आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी घरात असेल तर तिच्यावर आजीचे नाव आणि साल टाक्यांनी घालून ठेवा. आजी हयात असेल तर ते टाके तिच्याच हातचे असावेत.